परदेशात एक सेमिस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्सचेंजवर निघालेले विद्यार्थी मला जे विचारतात, ते प्रश्न दरवर्षी बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं सेमिस्टर जर्मनीत झालं, त्यामुळे बारकावे तिथले जास्त येतील. इतर देशांबद्दल जे खात्रीने माहीत आहे तेही दिलं आहे. माझं मत आधीच सांगते. एका सेमिस्टरमध्ये मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेगळ्या पद्धतीने शिकणं. प्रवास सुट्टीतही करता येतो, पण दुसऱ्या विद्यापीठाच्या वर्गात तिथलेच एक होऊन बसायला सेमिस्टरच लागतं. म्हणून कागदपत्रांच्या प्रश्नांची उत्तरं लांबलचक आहेत. ती कामं निघण्याआधी उरकली की तिथे अभ्यासाला डोकं मोकळं राहतं.

एक्सचेंज आणि पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणं, यात फरक काय?

एक्सचेंजमध्ये पदवी तुमच्याच विद्यापीठाची राहते. तुमच्या आणि तिथल्या विद्यापीठात करार असतो. त्या करारानुसार तुम्ही नेहमीची फी आपल्याच विद्यापीठात भरता आणि तिथलं विद्यापीठ शिकवण्याची वेगळी फी घेत नाही. राहणं, खाणं, प्रवास, विमा हा खर्च मात्र तुमचा. करार नसतानाही काही विद्यापीठं पाहुणे विद्यार्थी घेतात, पण तेव्हा फी बहुधा त्यांना द्यावी लागते. अर्जात 'एक्सचेंज' लिहायचं की 'व्हिजिटिंग' हे म्हणूनच नीट पाहा. त्या एका शब्दाने खर्च कितीतरी पटींनी बदलू शकतो.

ही पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने १९२३ मध्ये आठ विद्यार्थ्यांची तुकडी एका वर्षासाठी फ्रान्सला पाठवली होती. युरोपातला इरॅस्मस कार्यक्रम १९८७ मध्ये सुरू झाला आणि एक सेमिस्टर बाहेर काढणं तिथे सर्वसाधारण गोष्ट होऊन गेली.

कोणत्या वर्षी जावं?

पदवीच्या मधल्या वर्षांत. पहिल्या वर्षी विषयाची बैठक पक्की झालेली नसते. शेवटच्या सेमिस्टरला जाणं मी कुणालाच सुचवत नाही. तिकडची गुणपत्रिका यायला महिना-दोन महिने सहज लागतात आणि तेवढ्यासाठी इकडे पदवी अडकते.

वर्षापेक्षा कॅलेंडरचा घोळ मोठा असतो. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च आणि उन्हाळी एप्रिल ते सप्टेंबर असं असतं. प्रत्यक्ष तास त्यातले साधारण साडेतीन-चार महिनेच होतात. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. ऑस्ट्रेलियात पहिलं सेमिस्टर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तर अमेरिकेत फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या अखेरीस. तुमची परीक्षा चालू असताना तिकडे तास सुरू झालेले असू शकतात. दोन्हीकडच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि कुठे टक्कर होते ते पाहा. टक्कर असेल तर परीक्षा विभागाशी आत्ताच बोला, तिकीट काढल्यावर नाही.

क्रेडिट्स मिळतील ना? वर्ष वाया जाणार नाही ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. व्यवस्थित तयारी केली तर वर्ष वाया जात नाही. तयारी कशी करायची ते सविस्तर सांगते.

आधी मोजमाप समजून घ्या. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्ष ६० क्रेडिट्सचं आणि सेमिस्टर ३० क्रेडिट्सचं. एक क्रेडिट म्हणजे तास, वाचन, घरचा अभ्यास आणि परीक्षा धरून २५ ते ३० तासांचं काम. ब्रिटनमध्ये वर्ष १२० क्रेडिट्सचं असतं, म्हणजे तिथली दोन क्रेडिट्स युरोपच्या एकाबरोबर. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट्स घेतात. त्यामुळे 'मी १५ क्रेडिट्स केली' आणि 'मी ३० क्रेडिट्स केली' या दोन वाक्यांचा अर्थ एकच असू शकतो. तुमच्या विभागाला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका. यजमान विद्यापीठाचं क्रेडिट्स समजावणारं पान छापून अर्जाला जोडा.

मग येतं लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार, हे लिहिलेला हा कागद. त्यावर तुमची, तुमच्या विभागाची आणि यजमान विद्यापीठाची सही असते. विषयांची नावं जुळतात म्हणून सही मिळत नाही. प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम लागतो: आठवड्यानुसार मुद्दे, तासांची संख्या, वाचनाची यादी आणि परीक्षेचा प्रकार. मी एक साधा तक्ता केला होता. डाव्या रकान्यात आमच्या विषयातले मुद्दे, उजवीकडे तिकडच्या विषयातले, आणि जे जुळत नव्हतं त्यापुढे ते मी कुठून भरून काढणार हे एका ओळीत. आमच्या विभागप्रमुखांनी तो तक्ता पेन्सिलीने ओळ न् ओळ तपासला, दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढलं, त्या दोन मुद्द्यांवर बोलणं झालं आणि सही मिळाली. निर्णय देणाऱ्याला तुलना तयार मिळाली की होकार द्यायला सोपं जातं.

तीन गोष्टी विसरू नका. हवेत त्यापेक्षा दोन-तीन विषय जास्त मंजूर करून घ्या, कारण तिथे पोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो किंवा दोन विषय एकाच वेळी येतात. यादी बदलली तर बदललेल्या यादीवर लगेच नवीन मंजुरी घ्या. आणि तोंडी होकारावर कधीच विसंबू नका. 'चालेल, घ्या' असं कुणी फोनवर म्हणालं तर त्याच संध्याकाळी ईमेल लिहा की आपलं असं बोलणं झालं, कृपया उत्तर द्यावं. सहा महिन्यांनी त्या खुर्चीत दुसरी व्यक्ती असू शकते.

अनिवार्य विषयांचं जुळवणं सगळ्यात अवघड असतं. शक्य असेल तर आपले ऐच्छिक विषय त्या सेमिस्टरसाठी राखून ठेवा.

तिकडचे गुण इकडे कसे धरतात?

दोन पद्धती आहेत. काही विद्यापीठं फक्त 'उत्तीर्ण' अशी नोंद करतात, काही गुणांचं रूपांतर करतात. तुमच्याकडे काय होतं ते जाण्याआधी विचारा, कारण त्यावर विषय निवडण्याचं धाडस ठरतं.

रूपांतर होणार असेल तर तिकडची मोजपट्टी इकडे नीट समजावून द्यावी लागते. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आकडा जितका लहान तितका चांगला. इटलीत ३० पैकी १८ ला पास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, आणि तिथे १६ गुण हे फार चांगले समजले जातात. ब्रिटनमध्ये ४० ला पास आणि ७० च्या पुढे प्रथम श्रेणी. फ्रान्सच्या १६ चे इथे सरळ ८० टक्के केले, किंवा ब्रिटनचे ७० हे ७० टक्केच धरले, तर विद्यार्थ्यावर अन्याय होतो. यजमान विद्यापीठाकडून गुणपत्रिकेसोबत मोजपट्टीचं स्पष्टीकरण आणि शक्य असेल तर गुणांचं वितरण, म्हणजे किती टक्के विद्यार्थ्यांना कोणता दर्जा मिळाला, हेही मागून घ्या.

शिकवण्याची पद्धत खरंच वेगळी असते का?

हो. मला विचाराल तर तेवढ्यासाठीच जावं.

जर्मनीत मला व्याख्यानं होती आणि सेमिनार होते. व्याख्यानाला मोठा हॉल, हजेरी नाही, आणि संपल्यावर विद्यार्थी टाळ्यांऐवजी बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. वेळापत्रकात दहा लिहिलं असलं तरी तास सव्वादहाला सुरू होतो. वेळेपुढे 's.t.' ही लॅटिन अक्षरं नसतील तर ती पंधरा मिनिटं गृहीतच धरलेली असतात.

खरा बदल सेमिनारमध्ये जाणवतो. पंधरा-वीस जण, गोलाकार टेबल, आणि नेमून दिलेला लेख सगळ्यांनी वाचला आहे असं धरूनच सुरुवात. मी लेखाचा सारांश वहीत काढून नेत असे. आमच्या प्राध्यापिकांनी सारांश कधी विचारलाच नाही. त्यांचा प्रश्न असायचा: या लेखकाने काय गृहीत धरलं आहे, आणि ते चुकीचं निघालं तर त्याच्या मांडणीतलं काय उरेल? एकदा माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "मला तिसरा परिच्छेद पटत नाही. पुरावा एका शहराचा आहे आणि निष्कर्ष देशाचा काढलाय." प्राध्यापिका खुर्ची पुढे ओढून बसल्या, म्हणाल्या, "मग पुरावा कसा असायला हवा होता?" पुढचा अर्धा तास सगळा वर्ग त्या एका परिच्छेदावर बोलत होता. उत्तर कुणालाच आधीपासून ठाऊक नव्हतं, प्राध्यापिकांनाही नाही, आणि तरीही तास चांगला झाला होता. त्यानंतर मी वहीत सारांशाशेजारी एक मोकळा रकाना सोडायला लागले, माझ्या शंकांसाठी.

परीक्षांचे प्रकारही बरेच असतात. लेखी परीक्षा असतेच; शिवाय विषय मांडणं, पंधरा-वीस पानांचा निबंध, तोंडी परीक्षा. इटलीत तर तोंडी परीक्षा फार ठिकाणी असते. निबंधात दुसऱ्याचं वाक्य संदर्भाशिवाय आलं तर ते सरळ गैरवर्तन धरलं जातं, 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. संदर्भ देण्याची पद्धत पहिल्या आठवड्यातच ग्रंथालयात शिकून घ्या. बहुतेक विद्यापीठांत त्यासाठी मोफत वर्ग असतात.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी दोन खास सूचना. विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं नाही. बऱ्याच ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत टळली की बसता येत नाही. दुसरं, निबंधाची मुदत बऱ्याचदा तास संपल्यानंतरच्या सुट्टीत असते. तुम्ही तोवर परतलेले असाल. प्राध्यापकांना सुरुवातीलाच परतीची तारीख सांगा.

तिथली भाषा येत नसेल तर?

इंग्रजीत शिकवले जाणारे विषय खूप ठिकाणी मिळतात. तिथल्या भाषेत शिकायचं असेल तर बहुधा बी-२ पातळी मागतात. युरोपची मोजपट्टी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांची आहे, त्यातली ही चौथी.

पण वर्गातली भाषा आणि जगण्याची भाषा वेगळी. भाडेकरार, कचऱ्याची सूचना, डॉक्टरांच्या स्वागतकक्षातला फोन हे सगळं स्थानिक भाषेत येतं. ए-२ पर्यंत तरी तयारी करून जा. एवढ्याने वादविवाद करता येणार नाही, पण दार उघडणारी चार वाक्यं येतील. तिथे गेल्यावर टँडेम जोडीदार शोधा: अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास तुमची. गटात काम असेल तर स्थानिक मुलं आपसात आपल्या भाषेत बोलायला लागतात. "मला समजावं म्हणून हे पुन्हा इंग्रजीत सांगाल का?" असं विचारायला संकोचू नका. लोक मनापासून सांगतात.

व्हिसा कोणता लागतो?

देशागणिक नियम वेगळे असतात, म्हणून दूतावासाचं अधिकृत पान हाच आधार. दोन मुद्दे पक्के लक्षात ठेवा. शेंगेनचा (युरोपातल्या एकमेकांत खुली ये-जा असलेल्या देशांच्या गटाचा) अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो, सेमिस्टरला तो पुरत नाही. त्या देशाचा राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो. अमेरिकेत एक्सचेंज विद्यार्थ्यांना सहसा जे-१ व्हिसा मिळतो आणि कार्यक्रम संपल्यावर निघायला ३० दिवसांची मुदत असते.

पैशांचा पुरावा मागतात. जर्मनीत त्यासाठी ब्लॉक खातं हा रुळलेला मार्ग आहे: रक्कम आधी भरायची आणि दरमहा ठरावीक भागच काढता यायचा. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो ठरवलेला होता. तो वेळोवेळी बदलतो, म्हणून अर्जाच्या दिवशीचा पाहा. मुलाखतीची तारीख मिळायलाच आठवडे जाऊ शकतात. प्रवेशपत्र हातात आलं त्याच दिवशी तारीख घ्या.

खर्चात कोणत्या गोष्टी निसटतात?

घराची अनामत, पहिल्या महिन्याचं अंथरूण-भांडी, विमा, निवास परवान्याचं शुल्क, आणि जर्मनीत विद्यापीठाला भरायचं सेमिस्टर शुल्क. हे शुल्क शिकवणी फीपेक्षा वेगळं असतं. बऱ्याच ठिकाणी त्यात सार्वजनिक वाहतुकीचा पासही येतो. पहिला महिना नेहमी सगळ्यात महाग जातो, त्याची वेगळी तरतूद करा.

काम करून खर्च भागवू, असा हिशेब मांडू नका. परवानगी असली तरी तिला मर्यादा असते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. एवढ्याशा सेमिस्टरमध्ये नोकरी शोधण्यातच दोन महिने जातात. तो वेळ ग्रंथालयात घालवलेला बरा.

राहायची सोय कशी करावी?

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात भरा. खोली न पाहता अनोळखी खात्यावर पैसे पाठवू नका, मग फोटो कितीही छान असोत. किल्ली घेताना भिंतीवरचे डाग, खिडकीची कडी, गॅसची शेगडी यांचे तारखेसह फोटो काढा आणि मालकाला त्याच दिवशी ईमेल करा. अनामत परत मिळवायची वेळ येते तेव्हा हेच कामी येतं.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. बँक, विमा, निवास परवाना या पुढच्या कामांना बहुधा हाच नोंदणीचा कागद मागतात.

फार एकटं वाटलं तर?

वाटेल. त्यात काही बिघडलेलं नसतं. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये या अवस्थेचे टप्पे मांडले: आधी भारावून जाणं, मग चिडचिड आणि उदासी, मग हळूहळू सावरणं. त्याआधी १९५५ मध्ये स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांशी बोलून असाच चढउतार दाखवला होता. पण नंतरच्या संशोधनात बऱ्याच विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीलाच सर्वाधिक त्रास होतो असं दिसलं. म्हणजे पहिल्या आठवड्यात भारावून जाण्याऐवजी रडू आलं तर तुमचंच काहीतरी चुकतंय असं समजू नका.

मला तिसरा-चौथा आठवडा जड गेला. ओळख करून देण्याचे कार्यक्रम संपतात, सगळे आपापल्या कामाला लागतात आणि रविवारची दुपार संपता संपत नाही. उत्तरेकडे हिवाळ्यात जात असाल तर उजेडाचाही परिणाम होतो. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेआठ तासांहूनही लहान असतो. सकाळचा पहिला उजेड चुकवू नका, तो अंगावर घ्यायला बाहेर पडाच.

घरी फोन करायची वेळ ठरवून घ्या. सतत फोनवर राहिलात तर तिथे पाय रुजत नाहीत, आणि अजिबात केला नाही तर मन कोरडं पडतं. झोप, खाणं, तास यांतलं काही दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेलं राहिलं तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जा. त्यासाठीच ती माणसं तिथे बसलेली असतात.

स्थानिक मित्र का होत नाहीत?

कारण त्यांचं आयुष्य आधीच भरलेलं असतं आणि एक्सचेंजवाल्यांचा गट आयता मिळतो. तो गट प्रेमळ असतो, पहिल्या महिन्यात आधार देतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्याबरोबर एक गोष्ट अशी धरा जी दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांसोबत होते: गायनवृंद, खेळाचा वर्ग, स्वयंसेवेचं काम. ओळख एका संध्याकाळच्या गप्पांनी होत नाही, पुन्हा पुन्हा दिसण्याने होते.

फिरणं किती करावं?

तास नसलेल्या दिवसांत जरूर. दर शनिवार-रविवारी विमान पकडणारे मात्र आपल्या शहरातली नदीसुद्धा पाहत नाहीत. डी व्हिसावर इतर शेंगेन देशांत फिरता येतं, पण तिथे १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते.

आजारी पडल्यास?

विमा पहिल्या दिवसापासून चालू हवा. नेहमीची औषधं असतील तर त्यांच्या मूळ द्रव्याच्या नावासह डॉक्टरांची चिठ्ठी न्या, कारण ब्रँडची नावं बदलतात. युरोपीय संघात कुठेही तातडीचा क्रमांक ११२. परीक्षेच्या दिवशी आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. दुसऱ्या दिवशीचं बऱ्याचदा ग्राह्य धरत नाहीत.

निघताना कोणती कामं उरकायची?

वास्तव्याच्या तारखांचं सही-शिक्क्याचं पत्र, गुणपत्रिका कुठे आणि कधी पाठवणार याची लेखी खात्री, ग्रंथालयाचं येणं-देणं नसल्याचा कागद. पत्त्याची नोंद रद्द करा. अनामत परत येईपर्यंत बँक खातं बंद करू नका. विद्यापीठाचा ईमेल काही आठवड्यांनी बंद होतो, त्यातलं सगळं आधी उतरवून घ्या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तुमचे निबंध आणि त्यांवरचे शेरेही जपून ठेवा. पुढे पदव्युत्तर प्रवेशाला हेच मागतात.

परत आल्यावर अवघड जातं म्हणतात, खरं का?

बऱ्याच जणांना जातं. गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये लिहिलं की परतल्यावर तोच चढउतार पुन्हा एकदा होतो. घरचे चार दिवस कौतुकाने ऐकतात, मग आपापल्या कामाला लागतात, आणि तुमचं मन मात्र अजून तिथेच असतं. मला वर्गातली शांतता खुपली. मग आम्ही चौघी-पाचजणी मिळून आठवड्यातून एकदा एक लेख वाचून त्यावर भांडायला लागलो. खोली मिळायला विभागाने एका शब्दाने नाही म्हटलं नाही.

आमच्या विद्यापीठाचा कुठेच करार नाही. मग?

तीन वाटा आहेत. एक, स्वतःहून पाहुणा विद्यार्थी म्हणून अर्ज करणं. फी द्यावी लागेल, पण जिथे शिक्षण सरकारी पैशावर चालतं तिथे ती कमी असते. दोन, चार-सहा आठवड्यांची उन्हाळी शाळा. बऱ्याच उन्हाळी शाळा क्रेडिट्स देतात, आणि जर्मनीसाठी डाड (DAAD) या तिथल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची शिष्यवृत्तीही पाहा. तीन, करार व्हावा म्हणून प्रयत्न करणं. बरेच करार दोन शिक्षकांच्या ओळखीतून सुरू होतात: कुणाचं संशोधन तिकडच्या कुणाबरोबर चाललेलं असतं. आपल्या विभागातल्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध काढा, सहलेखकांची विद्यापीठं पाहा आणि ती यादी घेऊन विभागप्रमुखांची वेळ मागा. करार व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून पहिल्या वर्षातच विचारा.